मागातून निघालेली मोटार

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. सुताराचा मुलगा, कापड विणायचा माग आणि रस्त्यावरून धावणारी मोटार, या तिघांचा एकमेकांशी काय संबंध?

नाही ना जमत? मग उत्तर सांगते. उत्तर आहे ‘टोयोटा’! आपल्याकडच्या रस्त्यांवर इनोव्हा, फॉर्च्युनर या गाड्या तुम्ही नेहमी बघता. पूर्वी क्वालिस नावाची एक ऐसपैस गाडीही होती. या सगळ्या गाड्या टोयोटा या जपानी कंपनीच्या. जगात सर्वांत जास्त मोटारी विकणारी ही कंपनी. पण तिची गोष्ट मोटारीपासून सुरू होत नाही, ती सुरू होते एका तुटलेल्या धाग्यापासून. कशी ते ऐका.

सुताराचा साकिची

१८६७ साली जपानच्या एका खेड्यात साकिची टोयोडा नावाचा मुलगा जन्मला. (नाव नीट वाचा हं, टोयोटा नाही, टोयोडा! हा ‘डा’चा ‘टा’ कसा झाला ते पुढे येईलच.) वडील सुतारकाम करायचे, शेती करायचे. त्या भागात घरोघरी हातमाग होते. दिवसभराचं शेतातलं काम आटोपलं, की बायका रात्री मागावर बसायच्या. साकिचीची आईही त्यांतलीच.

आपल्याकडे इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, सोलापूर ही मागांची गावं. तिथल्या मुलांना माग म्हणजे काय हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात, तो ताणा. त्यांतून आडवा धागा घालायचा, तो बाणा. हा आडवा धागा धोट्यात भरलेला असतो. साध्या हातमागावर धोटा एका हाताने फेकायचा, दुसऱ्या हाताने झेलायचा, मग फणी ओढून धागा घट्ट बसवायचा. पुन्हा धोटा फेकायचा. असं शेकडो वेळा केलं, की कुठे वीतभर कापड तयार होतं. पाठ, खांदे, डोळे, सगळं दुखून येतं.

साकिची हे रोज बघत होता. सुतारकाम तर त्याच्या हातात होतंच. त्याने ठरवलं, आपण यापेक्षा सोपा माग बनवायचा. गावातल्या लोकांना वाटलं, पोराचं डोकं फिरलं! मोठा झालेला मुलगा, बापाला मदत करायची सोडून लाकडाचे तुकडे जोडत बसतो आणि पुन्हा मोडतो! १८९० साली टोकियोत मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं. साकिची तिथे गेला आणि दिवसेंदिवस यंत्रांसमोर उभा राहून ती नुसती निरखत राहिला.

त्याच वर्षी त्याचा लाकडी हातमाग तयार झाला. तो एका हाताने चालवता येत होता. १८९१ साली त्याला त्याचं पेटंट मिळालं. पेटंट म्हणजे ‘हा शोध याचा आहे, दुसऱ्याने परवानगीशिवाय वापरायचा नाही’ असा सरकारी दाखला. पुढे १८९६ साली त्याने वाफेच्या इंजिनावर चालणारा यंत्रमाग बनवला.

धागा तुटला की माग थांबतो

आता गोष्टीतली खरी मेख इथे आहे. यंत्रमाग भराभर चालतो हे खरं, पण यंत्राला डोळे कुठे असतात? मध्येच धागा तुटला तर माणूस हात थांबवील. यंत्र मात्र तसंच खटाखट विणत राहील. मग काय होणार? हातभर कापड वाया जाणार! म्हणून प्रत्येक मागाशी एक माणूस नुसता पहारा करत बसलेला असे. धागा तुटतोय का, हे बघत.

साकिचीने डोकं चालवलं. धागा तुटला की माग आपोआप थांबला पाहिजे! त्याने मागावर तशी सोयच केली. आडवा धागा तुटला किंवा संपला की माग बंद. पुढच्या मागांमध्ये उभ्या धाग्यांसाठीही तशीच युक्ती होती. प्रत्येक उभ्या धाग्यावर धातूची एक पातळ पट्टी अडकवलेली असते. धागा ताणलेला आहे तोवर पट्टी वर राहते. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग थांबतो. किती साधी युक्ती, नाही?

१९२४ साली त्याने ‘जी’ नावाचा माग तयार केला. यात धोट्यातला धागा संपत आला की माग न थांबता नवा धोटा आपोआप बसायचा. धागा तुटला की मात्र माग जागच्या जागी थांबायचा. आता पहारेकऱ्याची गरजच उरली नाही. एकच कामगार तीसहून अधिक माग सांभाळू लागला.

हे एक वाक्य नीट लक्षात ठेवा, मुलांनो. ‘चूक झाली की थांबायचं.’ टोयोटाची सगळी गोष्ट या एका वाक्याभोवती फिरते. कंपनीचा नावलौकिक झाला तोही यामुळे, आणि पुढे एकदा त्या नावाला बट्टा लागला तोही हेच वाक्य विसरल्यामुळे!

हा माग इतका चांगला होता, की इंग्लंडमधल्या प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीने १९२९ साली त्याचे हक्क एक लाख पौंडांना घ्यायचा करार केला. विचार करा, साऱ्या जगाला कापडाची यंत्रं विकणारा इंग्लंड देश, आणि तो एका जपानी सुताराच्या मुलाकडून मागाचे हक्क विकत घेतो!

मुलाचं वेड

साकिचीचा मुलगा किइचिरो. तो इंजिनिअर झाला. वडिलांना मागाचं वेड, तर याला मोटारीचं! त्या काळी जपानच्या रस्त्यांवर मोटारी दिसत त्या अमेरिकन. १९२३ साली टोकियोच्या भागात भयंकर भूकंप झाला. रेल्वे, ट्राम सगळं उद्ध्वस्त झालं. तेव्हा अमेरिकेहून फोर्डच्या गाड्या मागवून त्यांच्या बस केल्या आणि शहराची वाहतूक चालू ठेवली. मोटार म्हणजे श्रीमंतांची चैन नाही, ती उपयोगाची वस्तू आहे, हे लोकांना पटलं. पुढे फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोन्ही अमेरिकन कंपन्यांनी जपानमध्येच कारखाने काढले. तिथे अमेरिकेतून आलेले भाग नुसते जोडले जायचे.

किइचिरो म्हणाला, आपण अख्खी मोटार आपल्या देशात बनवायची. १९३० साली मागाच्या कारखान्याच्या एका कोपऱ्यात त्याने छोट्या इंजिनावर काम सुरू केलं. त्याच वर्षी साकिची वारले. १९३३ साली मागाच्या कारखान्यातच मोटारीचा विभाग निघाला. किइचिरोने एक शेव्हरोले गाडी विकत घेतली. फिरायला नव्हे बरं का! त्याने ती पूर्ण सुटी केली. प्रत्येक भाग मोजला, त्याचं चित्र काढलं.

पण चित्र काढणं वेगळं आणि वस्तू बनवणं वेगळं. इंजिनाचा मुख्य ठोकळा ओतीव लोखंडाचा असतो. वाळूच्या साच्यात तापलेलं लोखंड ओतायचं आणि आत पोकळ्या, नळ्या नेमक्या उतरल्या पाहिजेत. शेकडो ठोकळे बिघडले, पुन्हा वितळवावे लागले. शेवटी १९३४ साली इंजिन तयार झालं. १९३५ साली पहिला ट्रक बाजारात आला.

तो ट्रक कसा होता म्हणता? वाटेत बंद पडायचा! कधी आस तुटायचा, कधी आणखी काही. कंपनीची माणसं रात्री-अपरात्री जाऊन दुरुस्ती करायची. पण एक गोष्ट त्यांनी केली. काय तुटलं, का तुटलं, याची नोंद ठेवली आणि पुढच्या ट्रकमध्ये तो दोष काढून टाकला. १९३६ साली ‘एए’ नावाची पहिली मोटार विक्रीला आली.

‘डा’चा ‘टा’ झाला!

त्याच वर्षी कंपनीने बोधचिन्हासाठी एक स्पर्धा जाहीर केली. सुमारे २७ हजार लोकांनी चिन्हं पाठवली. जे चिन्ह निवडलं गेलं, त्यात ‘टोयोडा’ऐवजी ‘टोयोटा’ असं लिहिलेलं होतं. जपानी लिपीत ‘टोयोटा’ लिहायला आठ रेघा लागतात, ‘टोयोडा’ला दहा. आठ हा आकडा तिकडे शुभ मानतात. शिवाय ‘टोयोटा’ ऐकायला ठसठशीत वाटतं. आणखी एक गोष्ट म्हणजे, टोयोडा हे घराण्याचं आडनाव. त्याचा अर्थ होतो ‘सुपीक भातखाचर’. कारखाना एका घराचा न राहता सगळ्यांचा व्हावा, म्हणून नाव थोडं वेगळं असलेलं बरं, असाही विचार झाला. २८ ऑगस्ट १९३७ रोजी टोयोटा मोटर कंपनी रीतसर स्थापन झाली.

कोरोमो नावाच्या गावाजवळ १९३८ साली मोठा कारखाना उभा राहिला. या गावाचा जुना धंदा रेशमाचा. पुढे १९५९ साली या गावाने आपलं नावच बदलून ‘टोयोटा’ असं ठेवलं! आपल्याकडे किर्लोस्करांच्या कारखान्यामुळे किर्लोस्करवाडी झाली, तशातलाच हा प्रकार.

बुडता बुडता वाचली

दुसऱ्या महायुद्धात कंपनीला सैन्यासाठी ट्रक बनवावे लागले. युद्ध संपायच्या अगदी आदल्या दिवशी, १४ ऑगस्ट १९४५ रोजी, कारखान्यावर बॉम्ब पडला आणि बराच भाग उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर देश कंगाल झालेला. लोकांना खायला नाही, मोटार कोण घेणार? १९४९ सालापर्यंत टोयोटा दिवाळखोरीच्या तोंडाशी आली. पगार वेळेवर होईनात. बँकांनी कर्ज दिलं, पण माणसं कमी करायची अट घातली.

किइचिरोने कामगारांना सांगितलं होतं, कुणाला कामावरून काढणार नाही. आता तो शब्द मोडावा लागणार होता. कामगारांनी मोठा संप केला. शेवटी दीड हजाराहून अधिक लोकांना काम सोडावं लागलं. आणि किइचिरोने काय केलं? जबाबदारी आपली आहे असं म्हणून जून १९५० मध्ये त्याने स्वतःही अध्यक्षपद सोडलं. जी कंपनी स्वतः उभारली, तिच्यातून तो बाहेर पडला.

त्याच महिन्याच्या अखेरीस कोरियात युद्ध पेटलं. अमेरिकन सैन्याने टोयोटाकडून ट्रक मागवले. कंपनी तरली. किइचिरोला परत बोलवायचं ठरलं. पण मार्च १९५२ मध्ये, वयाच्या अवघ्या ५७ व्या वर्षी तो वारला. टोयोटाची मोठी भरभराट त्याला बघायला मिळाली नाही. कामगारांची कुऱ्हाड आणि दुसऱ्या देशातलं युद्ध, या दोन दुःखांवर ही कंपनी वाचली, हेही आपण विसरू नये.

दुकानातून शिकलेला धडा

१९५० साली किइचिरोचा चुलत भाऊ एजी टोयोडा अमेरिकेत फोर्डचा कारखाना बघायला गेला. तिथे दिवसाला सुमारे ८,००० गाड्या बनत होत्या. टोयोटात किती, सांगा बरं? सुमारे ४०! हत्तीपुढे मुंगीच म्हणा ना!

फोर्डची पद्धत कशी होती? मोठाले साठे करायचे, हजारो भाग आधीच बनवून ठेवायचे. टोयोटाजवळ त्यासाठी ना जागा होती, ना पैसा. मग ताइची ओनो नावाच्या इंजिनिअरने वेगळी वाट शोधली. हा ओनो आधी टोयोडांच्या कापडाच्या कारखान्यात होता. मागाचं तत्त्व त्याच्या अंगात मुरलेलं होतं.

त्याने अमेरिकेतल्या सुपरमार्केटबद्दल ऐकलं होतं. फळीवरून गिऱ्हाईक साबणाच्या दोन वड्या उचलतं, की दुकानदार तिथे पुन्हा दोनच वड्या ठेवतो. चार गोण्या आणून टाकत नाही. ओनो म्हणाला, कारखान्यातही असंच करू. पुढच्या कामगाराने पेटीतले भाग वापरले, की त्या पेटीवरचं कार्ड मागच्या विभागाकडे जाईल. कार्ड आलं की तेवढेच भाग बनवायचे. कार्ड नाही, तर भागही नाही. या कार्डाला जपानीत ‘कानबान’ म्हणतात. त्यामुळे हवी ती वस्तू, हवी तेव्हा, हवी तेवढीच मिळू लागली.

दुसरी गोष्ट दोरीची. मोटारी सरकत्या पट्ट्यावरून पुढे पुढे जातात आणि प्रत्येक कामगार आपापला भाग जोडतो. टोयोटात या पट्ट्याच्या कडेने एक दोरी लावलेली असते. कुठल्याही कामगाराला चूक दिसली, बोल्ट नीट बसला नाही, की त्याने दोरी ओढायची. लगेच दिवा लागतो, गाण्याची धून वाजते आणि मुकादम धावत येतो. तेवढ्यात अडचण सुटली तर ठीक. नाहीतर त्या भागातला पट्टा थांबतो!

आता तुमच्या लक्षात आलं असेल. ही दोरी म्हणजे साकिचीच्या मागावरची तीच पट्टी! धागा तुटला की माग थांबतो, तसं चूक दिसली की कारखाना थांबतो. या तत्त्वाला जपानीत ‘जिदोका’ म्हणतात. गंमत अशी, की हा शब्द लिहिताना टोयोटावाले ‘हलणं’ या अर्थाच्या अक्षराला ‘माणूस’ ही खूण जोडतात. म्हणजे यंत्र नुसतं हलायला नको, त्यात माणसाचं शहाणपण हवं.

पाच वेळा ‘का?’

चूक सापडली की ओनो रागावून मोकळा होत नसे. तो विचारायचा, ‘का?’ उत्तर मिळालं की पुन्हा ‘का?’ असं पाच वेळा! त्याचंच उदाहरण पाहा.

यंत्र बंद पडलं. का? जास्त भार आला आणि फ्यूज उडाला.
जास्त भार का आला? बेअरिंगला तेल पुरेसं मिळालं नाही.
तेल का मिळालं नाही? तेलाचा पंप नीट ओढत नव्हता.
पंप का ओढत नव्हता? त्याचा दांडा झिजला होता.
दांडा का झिजला? पंपाला गाळणी नव्हती, त्यामुळे लोखंडाचा कीस आत गेला.

बघा, पहिल्याच ‘का’ला थांबलो असतो तर नवा फ्यूज घातला असता आणि आठ दिवसांनी यंत्र पुन्हा बंद पडलं असतं. पाचव्या ‘का’नंतर कळलं, की गाळणी बसवायला हवी! यात आणखी एक गोष्ट पाहिलीत? पाच उत्तरांत ‘अमक्याची चूक’ असं एकदाही आलेलं नाही. माणूस शोधायचा नाही, कारण शोधायचं.

मात्र हे सगळं कामगाराला सोपं गेलं असं समजू नका. पट्ट्यावरचं काम फार दमवणारं होतं. सातोशी कामाता नावाचा पत्रकार १९७२ साली हंगामी कामगार म्हणून टोयोटात लागला. सहा महिने काम करून त्याने त्या कष्टांवर १९७३ साली पुस्तक लिहिलं आणि ते जपानभर गाजलं.

अमेरिकेत फजिती आणि फत्ते

१९५७ साली टोयोटाने आपली ‘क्राउन’ गाडी अमेरिकेला पाठवली. जपानच्या खडबडीत रस्त्यांवर ती बरी चालायची. पण अमेरिकेचे रस्ते लांबच लांब, सरळसोट. तिथल्या वेगाला गाडी धापा टाकू लागली, थरथरू लागली. १९५८ च्या पूर्ण वर्षात टोयोटाच्या २८८ गाड्या तिथे विकल्या गेल्या. १९६० साली मोटारी पाठवणंच थांबवलं. पण पुन्हा ‘का?’ विचारत गाडी सुधारली आणि १९६५ साली ‘कोरोना’ ही दणकट गाडी घेऊन टोयोटा परत गेली.

१९६६ साली आली ‘कोरोला’. छोटी, स्वस्त आणि सहसा न बिघडणारी. १९७३ साली जगात तेलाची टंचाई झाली, पेट्रोल महागलं. अमेरिकेतल्या अवाढव्य गाड्या पेट्रोल ढोसायच्या. लोक छोट्या जपानी गाड्यांकडे वळले. २०२१ सालापर्यंत पाच कोटींहून जास्त कोरोला विकल्या गेल्या!

आता एक खरी गंमत ऐका. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावात जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. तिथे कामगार दांड्या मारायचे, गाड्या सदोष निघायच्या. १९८२ साली तो बंद झाला. १९८४ साली टोयोटा आणि जनरल मोटर्सने मिळून तो पुन्हा सुरू केला. कामगार कोण? बहुतेक तेच जुने! त्यांतल्या कित्येकांना जपानमध्ये नेऊन काम दाखवलं. त्यांच्या हाती ती दोरी दिली. पूर्वी त्यांना बजावलेलं असे, काहीही होवो, पट्टा थांबवायचा नाही! आता त्यांना सांगितलं, चूक दिसली की थांबवा. थोड्याच काळात तिथल्या गाड्या जपानी गाड्यांच्या तोडीस तोड होऊ लागल्या. माणसं तीच, पण त्यांच्यावर विश्वास टाकला होता!

१९९७ च्या डिसेंबरात टोयोटाने ‘प्रियस’ आणली. तिच्यात पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर, दोन्ही. ब्रेक दाबला की जी शक्ती वाया जाते, तिच्यातून बॅटरी भरते. अशा जोड-गाड्या मोठ्या प्रमाणावर बनवण्यात ती जगात पहिली. तिचा पहिला नमुना तयार झाला तेव्हा तो आठवडेच्या आठवडे जागचा हललाच नव्हता!

दोरी ओढायची राहून गेली

२००८ साली टोयोटाने जनरल मोटर्सला मागे टाकलं आणि ती जगात पहिली झाली. आता झेंडे नाचवायचे ना? पण नेमकं इथेच घोडं पेंड खाल्लं.

ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात टोयोटाच्याच लेक्सस गाडीला भीषण अपघात झाला. पायाखालच्या रबरी चटईत ॲक्सिलरेटरचा पेडल अडकला, गाडी थांबेना. एका कुटुंबातली चार माणसं गेली. चौकशीत चटईखेरीज आणखी एक दोष पुढे आला. काही गाड्यांचा पेडल दाबल्यावर चिकटून बसत होता. जगभरातून लाखो गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. गाडीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत दोष असावा अशीही शंका होती. अमेरिकेच्या ‘नासा’ने तपासणी केली आणि २०११ साली सांगितलं, की तसा दोष सापडला नाही.

पण खरी वाईट गोष्ट पुढेच आहे. अडचण ठाऊक असूनही कंपनीने लोकांना पूर्ण खरं सांगितलं नव्हतं. २०१४ साली हे तिला कबूल करावं लागलं आणि १२० कोटी डॉलर दंड भरावा लागला. ज्या कंपनीत साधा कामगारही चूक दिसताच कारखाना थांबवू शकत होता, त्याच कंपनीच्या मोठ्या माणसांनी वेळेवर दोरी ओढली नाही!

तेव्हा अध्यक्ष होते आकिओ टोयोडा, किइचिरोचे नातू, साकिचींचे पणतू. फेब्रुवारी २०१० मध्ये ते अमेरिकन संसदेच्या समितीपुढे उभे राहिले. त्यांनी माफी मागितली. आम्ही फार वेगाने वाढलो, माणसं घडवण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने, असं त्यांनी कबूल केलं.

इतकं होऊन धडा कायमचा गिरवला गेला म्हणावं, तर तसंही नाही. २०२३ च्या डिसेंबरात टोयोटाच्याच मालकीच्या दाइहात्सु कंपनीत सुरक्षा चाचण्यांमध्ये वर्षानुवर्षं लबाडी झाल्याचं उघड झालं. चौकशी समितीला कारण काय दिसलं? गाडी ठरलेल्या दिवशी तयार झालीच पाहिजे, असा वरून आलेला दबाव. ‘थांबा’ म्हणायची लोकांना भीती वाटत होती. २०२४ साली टोयोटाच्या स्वतःच्या काही गाड्यांच्या चाचण्यांतही नियम पाळले गेले नव्हते, हे कंपनीने मान्य केलं.

तरीही २०२० ते २०२४ अशी सलग पाच वर्षं जगात सर्वांत जास्त गाड्या टोयोटा समूहानेच विकल्या. लोकांचा विश्वास अजून टिकून आहे. पण विश्वास म्हणजे मागावरचं कापड. ते धाग्याधाग्याने विणावं लागतं, आणि एक धागा तुटला तरी बघावं लागतं.

आपलं नातं

आता घराकडे येऊ. १९९७ साली टोयोटाने भारतात किर्लोस्करांबरोबर कंपनी काढली. बंगळूरजवळ बिडदीला कारखाना झाला आणि २००० साली पहिली क्वालिस बाहेर पडली. त्याआधी १९९५ साली दोघांनी मिळून आणखी एक कंपनी काढली होती. कसली, ओळखा! कापडाच्या यंत्रांची!

साकिची १८६७ सालचे, तर लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ सालचे. एकाने विणकरांसाठी माग केला, दुसऱ्याने शेतकऱ्यांसाठी लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे आधी तो नांगर कुणी घेईना. तरी लक्ष्मणराव हटले नाहीत. दोघे कधी भेटले नाहीत, पण त्यांच्या घराण्यांची गाठ शंभर वर्षांनी पडली. टोयोटाशी ही जोडी जमवणारे विक्रम किर्लोस्कर चौथ्या पिढीतले. ते २०२२ साली वारले. २०२४ साली छत्रपती संभाजीनगरला टोयोटा-किर्लोस्करचा नवा कारखाना काढण्यासाठी महाराष्ट्र सरकारशी सामंजस्य करारही झाला आहे.

करून पाहा

मुलांनो, या आठवड्यात एक उद्योग करा. घरात किंवा शाळेत रोज होणारी एखादी गडबड निवडा. उशीर होतो, डबा विसरतो, गणितात हातचा राहतो, काहीही. वहीत ती वर लिहा आणि खाली पाच वेळा ‘का?’ लिहून उत्तरं शोधा. अट एकच. उत्तरात कुणाचंही नाव घालायचं नाही, आपलंही नाही! पाचव्या उत्तरापाशी काय सापडतं ते बघा. आणि वर्गात फळ्यावर काही चुकीचं लिहिलेलं दिसलं, तर हात वर करा. बाई रागावतील म्हणून गप्प बसू नका. तुमचा तो वर केलेला हात म्हणजे टोयोटाची दोरीच आहे!

हे ठाऊक आहे का?

• १९५१ साली टोयोटाची जीपसारखी ‘बीजे’ गाडी फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढून गेली. तिचंच नाव पुढे ‘लँड क्रूझर’ झालं.

• ‘कोरोला’ म्हणजे फुलांचा मुकुट, ‘प्रियस’ म्हणजे आधीचा, पुढे असलेला.

• सुझुकी कंपनीची सुरुवातही १९०९ साली मागापासूनच झाली!

• नागोया शहरात टोयोडांच्या जुन्या कापड कारखान्याच्या जागी १९९४ साली संग्रहालय उघडलं. तिथे साकिचींचा ‘जी’ माग आजही बघायला मिळतो.